रिक्रूटर व्हायचंय? आधी शोधायला शिका

बी.कॉम. किंवा बीएस्सी झालेली मुलगी एखाद्या कन्सल्टन्सीत रिक्रूटर म्हणून लागली की घरात पहिली शंका निघते ती ही, की दिवसभर फोनच करायचे असतील तर हे कॉल सेंटरच नाही का? पालकांच्या या प्रश्नामागची काळजी खरी आहे. मुलांच्या हातात नावांची यादी द्यायची आणि संध्याकाळी फक्त कॉल मोजायचे, अशा नोकऱ्या या क्षेत्रात आहेतच. पण ती या कामाची सर्वात खालची पायरी झाली. योग्य माणूस कुठे आहे हे हुडकणं, म्हणजे सोर्सिंग, आणि त्याला नव्या जागी रुजू होईपर्यंत सांभाळून नेणं, म्हणजे रिक्रूटिंग, ही दोन्ही शिकून अंगी बाणवायची कौशल्यं आहेत. म्हणूनच ‘आमचा मुलगा बोलका आहे, त्याला एचआरला घालू या’ असं म्हणणाऱ्या आईवडिलांना मी थोडं थांबायला सांगते. बोलकेपणा उपयोगी पडतो, पण बराच नंतर.

एक साधी जागा घेऊन बघू. चाकणच्या एका कारखान्याला व्हीएमसी सेटर, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर हे यंत्र कामासाठी लावून देणारा कारागीर, हवा आहे. कंपनीच्या जेडीत, म्हणजे कामाच्या वर्णनात, लिहिलंय: तीन वर्षांचा अनुभव, फॅनुक कंट्रोलर, ड्रॉइंग वाचता यायला हवं. नवखा रिक्रूटर पोर्टलवर ‘व्हीएमसी ऑपरेटर’ टाइप करतो आणि येतील त्या सगळ्यांना फोन लावत सुटतो. जाणता रिक्रूटर आधी ज्या विभागाला माणूस हवाय तिथल्या मॅनेजरला गाठतो. प्रोग्रॅम सेटरनेच लिहायचा, की तयार प्रोग्रॅमवर सेटिंग करून ऑफसेट द्यायचे? जॉब ॲल्युमिनियमचे की स्टीलचे? सीमेन्स कंट्रोलरवर हात बसलेला माणूस चालेल का? या शेवटच्या प्रश्नाला ‘चालेल, महिन्याभरात शिकेल’ असं उत्तर आलं, तर शोधाचं क्षेत्र एका झटक्यात वाढतं.

मग शोध सुरू होतो. एकाच कामाला लोक बायोडाटात सेटर, सेटर-कम-ऑपरेटर, मशिनिस्ट अशी वेगवेगळी नावं देतात. ती सगळी ‘ऑर’ने जोडायची, कंट्रोलरचं नाव ‘अँड’ने बांधायचं आणि मशीन विकणारे सेल्स इंजिनिअर ‘नॉट’ने वगळायचे. याला बूलियन सर्च म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाच्या तर्कपद्धतीवर हा शोध चालतो. बारावीच्या गणितात पहिल्याच प्रकरणात जे तर्कशास्त्र येतं, ते इथे रोज कामाला लागतं. ‘याचा पुढे उपयोग काय’ असं विचारणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

पण अनेक चांगले सेटर पोर्टलवर नसतातच. ते आयटीआयच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात, छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून बाहेर पडलेले असतात, नाहीतर त्याच कारखान्यात काम करणाऱ्या कुणाचे मित्र असतात. तिथवर पोचण्यासाठी ओळखी जपाव्या लागतात. आणि माणूस सापडला तरी पहिल्या फोनमध्ये पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो कंपनीच्या बसचा. भोसरीत राहणाऱ्या सेटरला महिना दोन हजार जास्त मिळणार असतील, पण तिसरी पाळी असेल आणि बस त्याच्या स्टॉपवर येत नसेल, तर तो बहुधा नाही म्हणेल. हे पहिल्याच दिवशी विचारणाऱ्या रिक्रूटरचे दोन आठवडे वाचतात.

ज्यांच्या घरात कुणी एमआयडीसीत पाळ्या केल्या आहेत, त्या मुलामुलींना ही दुनिया आतून माहीत असते. इंग्रजी अडखळतं म्हणून ती स्वतःला कमी समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. वाळूज, रांजणगाव, सातपूर, बुटीबोरी इथल्या भरतीत मराठी-हिंदीत मोकळं बोलता येणं आणि समोरच्याचं काम समजणं ही मोठी जमेची बाजू आहे. इंग्रजी ईमेल लिहिणं सरावाने जमतं.

आयटीतल्या भरतीची अडचण वेगळी. तिथे अनेक कंपन्यांत नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो. उमेदवार ऑफर स्वीकारतो, राजीनामा देतो आणि त्या तीन महिन्यांत आणखी दोन ऑफर खिशात टाकतो. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. याला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि रिक्रूटरची तीन महिन्यांची मेहनत त्यात वाया जाते. उमेदवाराला दोष देऊन भागत नाही. मधल्या काळात त्याच्याशी कोण बोललं, त्याला पगाराचा हिशेब कुणी नीट समजावला, हे बघावं लागतं.

हा हिशेब प्रत्येक रिक्रूटरला तोंडपाठ हवा. सहा लाखांचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ऐकून उमेदवार घरी ‘महिन्याला पन्नास हजार’ सांगतो. मूळ वेतन 25,000 धरलं, तर त्या पन्नासातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 3,000, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 1,200, त्याचा स्वतःचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 वजा होतो. हातात येतात साधारण 42,600. सीटीसीचा काही भाग व्हेरिएबल असेल तर आणखी कमी. हे ऑफर देतानाच स्पष्ट सांगितलं तर एखादा उमेदवार तेव्हाच नाही म्हणेल, पण पहिला पगार बघून फसल्यासारखं कुणाला वाटणार नाही. नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली, म्हणून हा विषय नव्याने वाचणं आता गरजेचं आहे.

सुरुवात बहुतेकांची कन्सल्टन्सीतच होते. तिथलं अर्थकारण पालकांनी समजून घ्यावं. कन्सल्टन्सी आपली फी उमेदवाराकडून घेत नाही, कंपनीकडून घेते. ती बऱ्याचदा वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते. ठरलेल्या मुदतीत माणूस सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. टार्गेटचा ताण इथून येतो. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, इन्सेन्टिव्ह कामावर ठरतो. वर्ष-दोन वर्षं तिथे तावून निघालेल्या मुलांना पुढे कंपन्यांच्या स्वतःच्या टॅलेंट ॲक्विझिशन टीममध्ये जागा मिळते.

अमेरिकी कंपन्यांसाठी इथून भरती करणाऱ्या फर्ममध्ये कधीकधी थोडा जास्त पगार मिळतो, पण त्यात रात्रपाळी असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. काम संपेपर्यंत पहाट उजाडायला येते. तब्येत आणि घरी सोडणारी गाडी यांचा विचार करूनच होकार द्या.

एआय हे काम खाऊन टाकेल का? नावांच्या याद्या काढणं, बायोडाटा चाळणं, मुलाखतीच्या वेळा जुळवणं हे काम नक्की कमी होईल. नुसतं एवढंच करून घेणाऱ्या नोकरीत फार काळ राहू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. निवडीची जबाबदारी मात्र माणसाकडेच राहायला हवी. ॲमेझॉनने बायोडाटांना गुण देणारी एक प्रणाली बनवली होती. पूर्वी आलेल्या, बहुतांश पुरुषांच्या, अर्जांवरून ती शिकली आणि स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागली. कंपनीने ती बंद केल्याची बातमी 2018 मध्ये आली. आपल्याकडेही सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. बायोडाटा उघडल्यावर आडनावाकडे न बघता कामाकडे बघणारी तरुण माणसं या क्षेत्रात यावीत, असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या तरी घरची चूल त्या एका क्लिकवर अवलंबून असते.

शिक्षणाचं म्हणाल तर कोणताही पदवीधर सुरुवात करू शकतो. एचआरमध्ये वर जायचं असेल तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जमशेदपूरची एक्सएलआरआय, पुण्याची एससीएमएचआरडी ही नावाजलेली ठिकाणं आहेत. तिथे प्रवेश मिळत असेल तर कर्ज काढायला हरकत नाही. कुठल्याही कॉलेजच्या एमबीएसाठी मात्र आठ-दहा लाखांचं कर्ज काढू नका. आधी नोकरी करा, काम आवडतंय का बघा, मग ठरवा.

पहिली नोकरी स्वीकारताना पालकांनी एक पाहावं: डिपॉझिट, ‘ट्रेनिंग फी’ किंवा मूळ प्रमाणपत्रं मागणारी जागा लगेच नाकारावी. आणि मुलांनी मुलाखतीत विचारावं, की पहिल्या सहा महिन्यांत मला कंपनीच्या मॅनेजरशी थेट बोलायला मिळेल का, की सगळं टीम लीडमार्फतच चालेल? थेट बोलायला मिळणार असेल तर पगार थोडा कमी असला तरी ती जागा घ्यावी.

अजून कॉलेजात असलेल्यांनी सुट्टीत एक करून पाहावं. एक नोकरीची जाहिरात निवडा, ते काम प्रत्यक्ष करणारी तीन माणसं आपल्या ओळखीतून शोधा, त्यांच्याशी अर्धा-अर्धा तास बोला आणि ती जाहिरात पुन्हा नव्याने लिहून काढा. हे करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर अर्ज करायला सुरुवात करा. कंटाळा आला असेल तर तेही घरी मोकळेपणाने सांगा. बँकिंग आहे, अकाउंट्स आहे, दुसऱ्या वाटा पुष्कळ आहेत.