वूकॉमर्समधली 'प्रायॉरिटी': सूट आधी की पॅकिंग आधी?

वूकॉमर्सवर दुकान चालवत असाल किंवा सुरू करणार असाल, तर आजचा विषय "हे डेव्हलपरचं काम" म्हणून सोडू नका. यात तुमचे पैसे अडकलेत.

वर्डप्रेसमध्ये घडणाऱ्या गोष्टींना हुक असतात: ऑर्डर आली, किंमत दाखवायची आहे, पान उघडलं. ज्या प्लगइनला त्या वेळी काही करायचंय, ते त्या हुकवर आधीच नाव नोंदवतं. नोंदवताना एक आकडा देतं, तीच प्रायॉरिटी. आकडा दिला नाही तर 10 धरला जातो. लहान आकडा आधी, मोठा नंतर. दोघांचा सारखा असेल तर ज्याची नोंद आधी, त्याचा नंबर आधी.

आता हिशेब. वस्तू 1,000 ची. एक प्लगइन किमतीवर 10 टक्के सूट देतं, दुसरं त्याच किमतीत पॅकिंगचे 50 रुपये मिळवतं. पहिल्याने काढलेली किंमत दुसऱ्याच्या हातात जाते. सूट आधी लागली तर 900 अधिक 50, म्हणजे 950. पॅकिंग आधी लागलं तर 1,050 वर 10 टक्के सूट, म्हणजे 945. पॅकिंगच्या खर्चावरही आपणच सूट दिली की! महिन्याला अशा 200 ऑर्डर असतील तर हजार रुपये गेले, आणि एरर वगैरे काही येत नाही, कारण दोन्ही प्लगइन आपापल्या जागी बरोबरच असतात. म्हणून सूट 10 वर, पॅकिंग 20 वर असं स्पष्ट लिहून घ्या. 11 ऐवजी 20 का? उद्या मध्ये काही घालायचं झालं तर जागा राहते.

वूकॉमर्सने स्वतःही तसंच केलंय. प्रॉडक्टच्या पानावर नाव 5 वर, किंमत 10 वर, थोडक्यात माहिती 20 वर, कार्टचं बटण 30 वर. बटण माहितीच्या वर हवं? 30 वरून काढा, 15 वर लावा. इथे एक खोच आहे. काढताना 30 हाच आकडा सांगावा लागतो. तो विसरला तर वर्डप्रेस 10 वर शोधतं, तिथे बटण सापडत नाही, आणि पानावर दोन बटणं दिसतात. गिऱ्हाईक गोंधळतं ते वेगळंच.

आणि तुमचा डेव्हलपर सिम्फनीवर काम करून आलेला असेल तर त्याला हे आधीच सांगा. तिथे उलटं असतं, मोठा आकडा आधी. सवयीने त्याने सूट 20 आणि पॅकिंग 10 लिहिलं, तर वरचे 5 रुपये पुन्हा गेले. काम ताब्यात घेताना 1,000 ची एक डमी वस्तू टाका आणि किंमत 950 दिसतेय की 945, ते बघा.