घरपोच किराणा आणि खर्चातील मध्यममार्ग

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत जाऊन महिन्याचा किराणा भरण्याची आपली जुनी रीत आहे. आता तोच किराणा मोबाईलवरून घरपोच येतो. यांपैकी कोणत्या रीतीने खर्च वाढतो?

पवित्र कुरआनात (अल-फुरकान, २५:६७) अल्लाहच्या दासांचे एक लक्षण आले आहे. ते उधळपट्टी करत नाहीत, कंजूषपणाही करत नाहीत. त्यांचा खर्च मध्यम असतो. ही कसोटी दोन्ही रीतींना लागू आहे.

दुकानात समोर मांडलेला माल मोहात पाडतो. पण पिशवीचे ओझे आणि खिशातील रोकड हात आवरते. मोबाईलवर ही मर्यादा नसते. मात्र पैसे देण्यापूर्वी एकूण रक्कम दिसते आणि नको असलेली वस्तू निःसंकोच काढता येते.

समजा, १४० रुपयांचा माल हवा आहे. पोचवण्याचे शुल्क ३० रुपये, पण २०० रुपयांच्या खरेदीवर ते माफ. शुल्क वाचवण्यासाठी ६० रुपयांची अनावश्यक वस्तू घेतली, तर १७० ऐवजी २०० रुपये गेले. हाच इस्राफ, म्हणजे अपव्यय. तीच रक्कम पुढच्या आठवड्याच्या साबणावर खर्चिली, तर ती खरी बचत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणुकीचा कठोर निषेध केला. ही शिकवण मोबाईलच्या बाजारालाही लागू पडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या युक्त्यांवर बंदी घातली. न विचारता यादीत वस्तू घालणे, शुल्क शेवटी उघड करणे, खोटी घाई करणे या त्यांपैकीच होत.

न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क हनफी फिकहने ग्राहकाला दिला आहे. त्याला 'खियार-ए-रूयत' म्हणतात. म्हणून आलेली तूरडाळ लगेच तपासावी.

वृद्ध, आजारी किंवा इद्दतीत असलेल्या भगिनीसाठी घरपोच सेवा ही मोठी सोय आहे. मात्र अडचणीच्या महिन्यात उधार देणारा गल्लीतील दुकानदारही विसरू नये. आधी गरजेची यादी लिहावी. एक महिना दुकानातून, एक महिना घरपोच माल घ्यावा. रिक्षाभाडे आणि शुल्क धरून दोन्ही हिशेब ताडून पाहावेत. जे उरेल, त्यात गरजू शेजाऱ्याचा वाटा काढावा.

अल्लाह आपणा सर्वांना मध्यममार्गाची तौफीक देवो. आमीन.