थांबायला शिकताना

आमची वॅगन आर २००८ ची. नोकरी नांदेडला, सासुरवाडी लातूरला, त्यामुळे लोहा, अहमदपूर, चाकूर ही वाट आता गाडीलाही पाठ आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. इंजिन ऑईल कधी बदललं ते डायरीत लिहितो, ॲव्हरेज तर पाहुण्यांनी न विचारताही सांगतो. ब्रेकचं मात्र एवढंच, की लागतात ना, मग झालं! या ‘झालं’ची किंमत हप्त्याहप्त्याने चुकवली.

१. ज्या आवाजाला मी बिघाड समजत होतो, ती व्यवस्था निघाली. माळेगावच्या यात्रेच्या गर्दीत दर दहा पावलांना ब्रेक दाबत होतो आणि पुढच्या चाकातून किर्र आवाज येत होता. मी गाणी मोठी केली. पुढे मिस्त्रींनी झिजलेला पॅड हातावर ठेवला. त्याला पोलादाची इवलीशी पट्टी होती. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. खास माझ्यासाठी बसवलेली घंटा मी किशोरकुमारखाली दाबून टाकली होती.

२. काळजी घेता घेता मी पुरावाच पुसत होतो. ब्रेक ऑईलची पातळी जरा उतरली की बाटलीत भर घालायची, ही माझी आवडती गाडीसेवा. पण पॅड झिजतो तसा कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागची जागा ऑईल भरून काढतं. पातळी हळूहळू उतरते ती त्यामुळे. (एकाएकी उतरली तर गळती शोधावी.) नवे पॅड बसवताना मिस्त्रींनी पिस्टन मागे दाबला आणि माझं साठवलेलं सगळं पुण्य उतू गेलं. ब्रेक ऑईल रंग खातं, हेही तेव्हाच कळलं. तो डाग अजून आहे.

३. ब्रेक ऑईलला पाण्याची तहान असते. २०१६ साली लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माझ्या गाडीत मात्र ते न मागता हवेतून मुरत होतं. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलं की तो १४० च्या आसपास येऊ शकतो. उतारावर सारखा ब्रेक दाबून ते तापलं, उकळलं, की वाफ होते. वाफ दबते, पाय खाली जातो आणि गाडी पुढे. दोनेक वर्षांनी बदलायचं ऑईल मी पाच वर्षं वापरलं होतं. काढलं तेव्हा टपरीवरच्या कोऱ्या चहासारखं दिसत होतं.

४. झिजलेली वस्तू बदलली, म्हणून झिजण्याचं कारण जात नाही. नवे पॅड घातले आणि वर्षभरात डाव्या चाकाचा आतला पॅड खलास, बाहेरचा मात्र धडधाकट. मी पॅडला नावं ठेवली. दोष होता कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचा. रबर फाटून धूळ-पाणी आत गेलं होतं आणि पिना जाम झाल्या होत्या. एकत्र कुटुंबातल्यासारखं, एकटाच राबत होता. पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं. आता लातूरला पोचलो की चारही चाकांजवळ हात नेऊन पाहतो. एखादं फार तापलं असेल तर तिथे काहीतरी अडकलंय. डिस्कला हात लावायचा नाही, हे बोटाने शिकवलं.

५. बोल्ट आवळले की काम संपलं, असं मला वाटलं होतं. एकदा पॅड स्वतः बदलले. कॅलिपर होजवर लोंबकळू नये म्हणून तारेने बांधला आणि स्वतःवरच खूश झालो. गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला! मागे दाबलेला पिस्टन पॅडला भिडेपर्यंत जागेवरच पाच-सहा वेळा पेडल मारायचं असतं. ते राहिलं होतं. हँडब्रेकने वाचवलं. तो तारेने मागचे ड्रम ओढतो, त्याला ऑईलशी देणं-घेणं नाही. तुळशीवृंदावन वीतभरावर राहिलं. मिस्त्री म्हणाले, “सर, पोरांना पेपर लिहायच्या आधी नंबर टाका म्हणता की. पेडलचं तसंच असतंय.”

६. ब्रेक थांबवतो चाकाला, गाडीला थांबवतो रस्ता. ऑक्टोबरात चाकूरच्या अलीकडे अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलं होतं. नवे पॅड, नवं ऑईल, वर थोडा गर्व. कचकन ब्रेक दाबला, चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी दाण्यांवरून घसरत राहिली. थांबली तेव्हा शेतकरी काकांनी माझ्याकडे न बघता सोयाबीन पुन्हा पसरलं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय.

परवा बॉनेट उघडलं. बाटलीतली पातळी पुन्हा किंचित उतरलेली. ऑईलचा डबा कपाटातच राहू दिला आणि डिकीतून जॅक काढला.