विजेच्या राज्यात घरी जनरेटर कशाला?

प्रश्न : आम्ही भिलाईत नेहरूनगरला राहतो. मे महिन्यात वादळ आलं की तासन्‌तास लाइन नसते. पोलाद कारखाना इथे, औष्णिक वीज केंद्र इथे, छत्तीसगड म्हणे जादा विजेचं राज्य. मग आमच्याकडे अंधार का? घरासाठी जनरेटर घ्यावा म्हणतो. किती मोठा घ्यावा आणि कसा बसवावा?
— एक वाचक, भिलाई

उत्तर : वीज तयार होणं वेगळं आणि ती घरापर्यंत पोचणं वेगळं. भिलाईत एनटीपीसी आणि सेल यांच्या संयुक्त कंपनीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत, कोरब्याची केंद्रं त्याहून मोठी. पण तुमच्या गल्लीत वीज येते ती ११ केव्हीच्या फीडरवरून आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून. वळवाच्या वाऱ्यात तारेवर फांदी पडली की फीडर ट्रिप होतो. बिघाड सापडून दुरुस्त होईपर्यंत केंद्रात कितीही वीज असली तरी तुम्हाला उपयोग नाही. तुमची अडचण टंचाईची नसून अधूनमधून काही तासांच्या खंडाची आहे, आणि निवड त्यावरूनच करायची.

म्हणून आधी इन्व्हर्टरचा हिशेब करा. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास मावतात. प्रत्यक्षात साधारण १२०० हाती लागतात. तीन पंखे, चार एलईडी आणि वाय-फाय मिळून ३०० वॉट धरले तर चार तास निघतात. पंखे बीएलडीसी असतील तर त्याहून बरेच जास्त. ना आवाज, ना धूर. खंड याहून लांबत असेल, बोअरचा पंप चालवल्याशिवाय पाणी मिळत नसेल किंवा घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल, तरच जनरेटरकडे वळा. कॉन्सन्ट्रेटरसाठी मात्र इन्व्हर्टर आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडरही हाताशी हवा, कारण जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो आणि कधी तो सुरूच होत नाही.

आता आकार. पंखे, दिवे, टीव्ही आणि फ्रिज यांचे मिळून सुमारे ७०० वॉट. एक अश्वशक्तीचा पंप ७४६ वॉटचा म्हणतात, पण सुरू होताना मोटर काही क्षण कित्येक पट करंट ओढते. लहान संच तिथेच दम तोडतो. केव्हीएचा आकडा ०.८ ने गुणला की किलोवॉट मिळतात. एवढ्या लोडला ३ केव्हीए पुरेल. दीड टनाचा इन्व्हर्टर एसीही हवा असेल तर ५ केव्हीए घ्या, आणि पंप व एसी एकदम सुरू करू नका. पंपाच्या पाटीवरचे आकडे विक्रेत्याला दाखवून खात्री करा. ‘असू द्या मोठाच’ म्हणून १५ केव्हीएचा डिझेल संच आणणंही चुकीचं : कमी लोडवर डिझेल इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये काजळी साचते. शिवाय लहान संच लिटरमागे दोन-तीन युनिटच देतो. म्हणजे नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे तीस रुपयांच्या पुढे.

बसवताना दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, चेंजओव्हर स्विच. प्लगच्या सॉकेटमध्ये जनरेटरची वायर खुपसून घर चालवणारे अजूनही आढळतात. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली तर २३० व्होल्टचे ११,००० होतात, आणि वर खांबावर लाइनमन असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच आणि संचाचं स्वतंत्र अर्थिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, वीज कंपनीला कळवा. सेक्टरमधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी संच आणण्याआधीच नगर सेवा विभागाला विचारावं.

दुसरी, धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; बंद पोर्च, जिना, कूलरच्या खिडकीजवळची जागा सगळ्या घातक. उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर, उंच ओट्यावर, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या. डिझेल संच घेतलात तर कंपनीने बसवलेल्या आवाजरोधक पेटीतलाच घ्या. एक मीटरवर ७५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे.

छतावर सौर पॅनेल असतील तर एक लक्षात घ्या : नेहमीची ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाइन गेली की स्वतःच बंद पडते, तीही लाइनमनच्या जिवासाठीच. अंधारात सौर वीज हवी तर बॅटरीची हायब्रिड यंत्रणा लागते.

एकंदरीत, नेहरूनगरच्या चार माणसांच्या घराला चांगला इन्व्हर्टर पुरावा. पंपासाठी जनरेटर घेतलाच तर महिन्यातून एकदा लोड देऊन दहा-पंधरा मिनिटं चालवा. पहिली चाचणी वादळाच्या रात्री नको.