ऊस तुटला की जनावर रस्त्यावर येते



हंगाम सुरू झाला की आपल्या बोलण्यात टनेज, उतारा, तोडणीची तारीख आणि बिल एवढेच विषय असतात. आज थोडा वेगळा विषय मांडतो. पण तो उसाच्या फडातूनच निघालेला आहे.

गेल्या हंगामात आमच्या गटातील एक सभासद रात्री साडेनऊच्या सुमारास वजनकाट्यावरून मोटारसायकलने घरी निघाले होते. ओढ्याजवळच्या वळणावर रानडुक्कर आडवे आले. गाडी घसरली, मांडीचे हाड मोडले आणि माणूस तीन महिने अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "साहेब, वीस वर्षं त्याच रस्त्यानं येतोय-जातोय. तिथं कधी डुक्कर बघितलं नव्हतं."

परत आल्यावर मी गटाचे रजिस्टर काढून पाहिले. त्या वळणालगतचा दोन एकराचा ऊस त्याच दिवशी संध्याकाळी तुटून संपला होता. त्या तोडणी प्रोग्रॅमवर सही माझीच होती. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

जनावर रस्त्यावर का येते?

आठ-दहा फूट वाढलेला ऊस म्हणजे जनावराच्या दृष्टीने जंगलच. आत सावली, गारवा आणि पाटाचे पाणी. रानडुकराला खायलाही तिथेच मिळते. आपल्याकडे राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी या डोंगरी भागात गवे उसात उतरतात. जुन्नर, शिरूर भागात तर उसातच बिबट्याची मादी पिले घालते.

टोळी एका बाजूने तोडत येते तसे जनावर आत आत सरकते. शेवटचा पट्टा उरला की सगळी तिथेच गोळा होतात. तो पट्टा तुटला की बाहेर पडतात आणि दुसरा उभा ऊस शोधायला निघतात. मध्ये रस्ता असला तर तो ओलांडतात. म्हणून काल जिथे धोका नव्हता, तिथे आज असतो. धोक्याची जागा तोडणीबरोबर पुढे सरकत जाते, हे लक्षात ठेवावे. बहुतेक हालचाल दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चालते आणि आपली वाहतूकही नेमकी त्याच वेळी असते.

वेगाचे गणित

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. जनावर दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यापुढे थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ ते ५० मीटर. वेग ४० ठेवला तर हेच अंतर २५ ते ३० मीटरवर येते. मोटारसायकलच्या खालच्या फोकसमध्ये ३०-४० मीटरच्या पलीकडचे नीट दिसत नाही. म्हणजे ४० च्या वेगाला माणूस वाचतो आणि ६० ला जनावरावर जाऊन आदळतो.

आणि आदळतो ते कशावर? पूर्ण वाढलेले डुक्कर शंभर किलोच्या आसपास भरते, तेही बुटके आणि पुढच्या चाकाच्या उंचीचे. गव्याचा मोठा नर सातशे किलोच्या वर, कधी हजारापर्यंत जातो. त्याचे अंग काळे, रात्री दिसतच नाही. खालच्या फोकसमध्ये आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. असे पांढरे काही हलताना दिसले की तिथेच थांबावे.

वाहन चालवताना

१) ऊसतोड चालू असलेल्या शिवारातून रात्री ४० च्या वर जाऊ नये. हेल्मेट घालावेच.
२) एक जनावर गेले म्हणजे रस्ता मोकळा झाला असे समजू नये. डुकरे आणि गवे कळपाने चालतात. मागचे येईपर्यंत थांबावे.
३) जनावर समोर आले तर सरळ रेषेत ब्रेक लावावा. चुकवायला हिसका दिला की गाडी ओढ्यात जाते किंवा समोरच्या ट्रकखाली.
४) जनावर प्रकाशाने बावरून उभे राहिले तर दिवा खाली करावा, थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे.
५) भरलेल्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावावा. जनावरासाठी ट्रॅक्टर अचानक थांबतो आणि मागचा मोटारसायकलवाला अंधारात ट्रॉलीवर जातो.

फडात

रस्त्यालगतच्या उसाची तोड रस्त्याच्या बाजूने सुरू करावी आणि शेवटचा पट्टा ओढ्याकडे किंवा डोंगराकडे ठेवावा, म्हणजे जनावर तिकडे निघेल. शेवटचा पट्टा शक्यतो सकाळी तोडावा. मुकादमाला हे आधीच सांगून ठेवावे. संध्याकाळी फड संपणार असेल तर वाहनवाल्यांना आणि शेजाऱ्यांना तोंडी कळवावे. बिबट्याची पिले सापडली तर तोड थांबवावी, त्यांना हात लावू नये आणि वनखात्याला कळवावे.

अपघात झालाच तर

पहिल्यांदा माणूस बघावा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि वनखात्याच्या मदतीसाठी १९२६ हे फोन क्रमांक आहेत. जखमी जनावराजवळ जाऊ नये. डुक्कर उलटून अंगावर येते. मेलेले जनावर उचलून नेणे, वाटून खाणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ते जनावर सरकारी मालमत्ता ठरते.

विम्याचेही बघून ठेवावे. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचे नुकसान मिळत नाही, त्याला पूर्ण विमा लागतो. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण चालू लायसन्स नसेल तर तो हातचा जातो. घरी जाऊन दोन्ही कागद एकदा काढून बघावेत.

आमच्या गटात या हंगामापासून रस्त्यालगतचे प्लॉट रजिस्टरला लाल पेन्सिलने खूण करून ठेवतो. फड संपायच्या दिवशी स्लिप बॉय वाहनवाल्यांना सांगतो. खर्च काही नाही, ध्यानात ठेवायचे एवढेच. आपला प्लॉट रस्त्याला लागून असेल आणि यादीत नसेल, तर गट ऑफिसला येऊन नोंद करावी.

उसाची खेप एक तास उशिरा पोचली तरी काट्यावर वजन होतेच. घरी माणूस पोचला पाहिजे.

आपला,
ऊस विकास अधिकारी