अभिलेखांची राखण : माहिती-साठवण यंत्रणा कशी पारखावी?

हैदराबादमधील सुलतान बाजार ही ब्रिटिश रेसिडेन्सीच्या सावलीत वाढलेली पेठ होय. मराठी भाषकांच्या पुढाकाराने १९०७ साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था याच परिसरातील. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, जवळच्या मुसी नदीला महापूर आला व हजारो माणसे प्राणास मुकली. अशा आपत्तीत घरांबरोबर घरांचे कागदही जातात. दप्तर कोठे ठेवावे, हा प्रश्न म्हणूनच गौण नव्हे.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समितीला २०२३ साली हैदराबादचे जुने अभिलेख तपासावे लागले. शतकापूर्वीची एखादी नोंद आजच्या कुटुंबाच्या हक्काशी कशी निगडित असते, हे यावरून कळून येईल. उलटपक्षी, २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य फायली भस्मसात झाल्या.

आज सातबारा, जन्मनोंदी व शाळांची प्रवेशपुस्तके संगणकावर येत आहेत. ती सांभाळणाऱ्या डेटा सेंटरला बहुधा मध्यम श्रेणीची साठवण यंत्रणा पुरते. कचेरीतील एका डिस्कच्या पेटीहून ती पुष्कळ मोठी असते. मोठ्या बँकांच्या अवाढव्य यंत्रणेइतकी मात्र महाग नसते. ती निवडताना पुढील चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी : खरी जागा

समजा, यंत्रणेत १० टेराबाइटच्या १२ डिस्क आहेत. कागदावर जागा १२० टेराबाइट दिसते. दोन डिस्क एकाच वेळी बिघडल्या तरी माहिती टिकावी, अशी रचना केल्यास १०० टेराबाइट उरते. त्यातील पाचवा हिस्सा मोकळा ठेवला, तर हाती ८० टेराबाइट येते. एका पानाचे छायाचित्र सुमारे एक मेगाबाइट धरल्यास एक कोटी पानांना १० टेराबाइट लागतात. म्हणजे आठ कोटी पाने मावतील.

माहिती चौपट आवळून बसते, असेही विक्रेते सांगतात. परंतु पानांची छायाचित्रे मुळातच आवळलेली असल्यामुळे त्यांत फारशी बचत होत नाही. निविदांची तुलना प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या टेराबाइटवरच करावी.

दुसरी कसोटी : अखंड सेवा

यंत्रणेत दोन कंट्रोलर असावेत. एक बंद पडताच दुसऱ्याने भार उचलावा. चाचणीच्या वेळी चालू यंत्रणेतून एक डिस्क काढून पाहावी, नंतर एक कंट्रोलर बंद करून पाहावा. मोठ्या डिस्कची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी राहण्यास कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. तेवढ्या काळात काम किती मंदावते, याची नोंद घ्यावी.

तिसरी कसोटी : वेग

जून महिन्यात दाखल्यांसाठी रांगा लागतात. शेकडो लहान मागण्या एकाच क्षणी येतात आणि फिरत्या डिस्क तेथे अडखळतात. अशा नोंदी फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर ठेवाव्यात. क्वचित लागणारी जुनी पाने स्वस्त फिरत्या डिस्कवर ठेवावीत. वेग विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून न ठरवता आपल्याच कामाचा नमुना चालवून मोजावा.

चौथी कसोटी : परत मिळण्याची हमी

यंत्रणेतच घेतलेली तात्कालिक प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, हा बॅकअप नव्हे. यंत्र जळाले की प्रतही जळते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दूरच्या गावी, हा सर्वमान्य नियम आहे. एक प्रत ठरावीक मुदतीपर्यंत कोणासही पुसता येऊ नये. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या चोरांवर तोच उपाय होय. दूरची प्रत त्याच नदीच्या काठी ठेवून उपयोग नाही.

खरेदीच्या किमतीत पाच वर्षांची देखभाल, वीज व वातानुकूलन यांचा खर्च मिळवूनच निर्णय घ्यावा. देयक अदा करण्यापूर्वी मात्र एक गोष्ट अवश्य करावी : एखाद्या गावाचे संपूर्ण दप्तर बॅकअपमधून परत उभे करून दाखविण्यास सांगावे. जे दप्तर परत मिळत नाही, ते राखले असे म्हणता येणार नाही.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अभिलेखांच्या प्रती किती व कोठे आहेत?
२. त्यांतील एखादी नोंद प्रतीवरून परत मिळविण्याची चाचणी शेवटी केव्हा झाली?