च्यवनप्राशाच्या यादीतला जीवक

नवीन जालन्यात थंडी पडली, बाजारात आवळा आला, की च्यवनप्राशाच्या याद्या घेऊन लोक दवाखान्यात येतात. ‘जीवक, ऋषभक कुठे मिळेल?’ हा प्रश्न ठरलेला. इतके हिवाळे हे औषध करताना जे उमगलं, ते लिहितो.

१. जीवक म्हणजे काय, ते आधी सांगावं. अष्टवर्ग म्हणजे आठ औषधी वनस्पतींचा गट; त्यातली जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी ही चारही ऑर्किडं, हिमालयाच्या ओलसर उतारांवरची. औषधात जातो तो कंद. कंद उपटला की झाडच गेलं.

२. ऑर्किडचं बी लाखांनी असलं तरी रोपं सहज होत नाहीत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. बियाण्यावर मोठ्या झालेल्या या गावाला हे पटवणं अवघड जातं. ज्वारीचा दाणा आपली शिदोरी घेऊन जमिनीत जातो. ऑर्किडच्या बोंडातून उडते ती नुसती भुकटी, आणि तिचा कणन्‌कण म्हणजे बी! त्यात अन्नसाठा नाही. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं.

३. पर्याय शास्त्रातच आहे. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ, असं सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी सांगितलं आणि बदली द्रव्यं दिली: जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, मेदा-महामेदेऐवजी शतावरी, काकोलीच्या जोडीऐवजी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीला वाराहीकंद. मी तेच घालतो. “डॉक्टरसाहेब, मग गुण कमी येईल का हो?” असं विचारतात. चरकांच्या पाठात आवळे पाचशे आहेत. औषधाचा जीव तिथे आहे. फळ टपोरं घ्या, शिजल्यावर गरातला दोरा न्‌ दोरा गाळून काढा, आणि तूप-तिळतेलात परतताना कडेनं स्नेह सुटेपर्यंत हात थांबवू नका. यात केलेली घाई कोणताही दुर्मीळ कंद भरून काढत नाही.

४. ‘अस्सल जीवक’ म्हणून मिळणारा वाळका, सुरकुतलेला कंद नेमका कशाचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. मी तो घेत नाही.

५. सगळं ऑर्किड कुळ साइटिस कराराच्या परिशिष्टांत आहे, म्हणजे परदेशी व्यापारावर बंधन आहे. पण आपल्या गावच्या मागणीवर बंधन आपणच घालायचं. म्हणून माझ्या यादीत जीवकासमोर मी ‘विदारीकंद’ असं स्वच्छ लिहून देतो, आणि बरणीच्या चिठ्ठीवरही तेच असतं.